एकला निघणाऱ्या माश्या

तुमच्या कामाच्या जागी जो माणूस घाण धुतो, तो जेवतो कुठे? माहीत नसेल तर आधी लाज वाटू द्या, मग ऐका.

त्या प्रयोगशाळेत माश्या पाळत. त्यांच्या बाटल्या धुणाऱ्याला सगळे मामा म्हणत. जवळ भाचा मात्र एकही नव्हता. आंबलेलं खाद्य नि मेलेल्या अळ्या खरवडायचं काम. हात कितीही घासा, वास हटत नसे. डब्याच्या टेबलावर एकदा कुणी म्हणालं, "मामा, जरा पलीकडे बसता का?" मामा मानी. पलीकडे गेले ते थेट अंधारखोलीत.

खोली कसली, कपाटाची थोरली बहीण. आत रात्रंदिवस काळोख आणि ऊब कायम एकसारखी. तिथल्या माश्यांना दिवस उगवल्याचं कळूच नये, अशी शास्त्रज्ञ बाईंची योजना. बाई तापमान टिपत ते सकाळी नि संध्याकाळी. दुपारी एकला मामा दार ओढून आत बसत, मांडीवर वाफाळता डबा. बायको गेल्यापासून दोन वर्षं हाच नेम. शेवटच्या घासापर्यंत खोलीची ऊब चांगली वाढायची.

एके सकाळी बाई मोरीपाशी आल्या. "मामा, नवलच आहे. कोषातून माश्या कधीही, पांगून निघायला हव्यात. पण यंत्राची मोजणी सांगते, रोज एकच्या सुमारास घोळक्यानं निघतात. ना ऊन, ना उजेड, तरी वेळ कळते त्यांना. आता लेख लिहिते, नाव होईल बघा."

मामांचा ब्रश बाटलीतच थांबला. बोलावं तर नोकरी जाणार. गप्प बसावं तर बाई चारचौघांत तोंडावर पडणार.

"रविवारीही निघतात?"

"हो, रविवारीही. एकलाच."

रविवारी मामा घरी असत. एकला त्यांनाही भूक लागे, आणि ताटासमोर नुसती भिंत असे.

"बाई, एकला तिथं मी जेवतो."

"अंधारात?"

"घासाला तोंडाची वाट पाठ असते."

बाई रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. खोलीला कुलूप लागलं. माश्या आणखी तीन-चार दिवस एकलाच निघत राहिल्या. अंगाला सवय जडली होती. मग पांगल्या. कुणी पहाटे, कुणी तिन्हीसांजेला.

बाईंनी लेख लिहिला, पण वेगळा: काळोखातही रोज ठरल्या वेळी दीड अंश ऊब मिळाली, तर माशीला तीच सकाळ वाटते. लेख गाजला. मामा त्यात आहेत, 'उष्णतेचा नियमित बाह्य स्रोत' म्हणून. आईबापांनी ठेवलेलं नाव विचारायला कुणाची जीभ झिजणार होती?

नोकरी राहिली. मामा आता जिन्याखाली जेवतात. एक वाजला की हात अजून त्या कडीकडे जातो, कुलपाला लागतो नि मागे येतो.

उद्या डबा उघडण्याआधी तुमच्याकडच्या जिन्याखाली जाऊन बघा. कुणी असेल तर नाव विचारा. वास येईल. तरी शेजारी बसा.