साहेबांची उत्तर दिशा

आमच्या ऑफिसात घराचा प्लॅन एकच आहे. वसमत रोडला झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचं हे आर्किटेक्टचं ऑफिस चालतं. एका खोलीत एसी, गुबगुबीत खुर्ची आणि साहेब. दुसरीत पंखा, कॉम्प्युटर आणि मी. साहेब पुण्याला शिकून आलेत, हे ते आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी सांगतात. मी इथंच परभणीत डिप्लोमा केला. त्यामुळे ते मला मॅडम म्हणतात आणि चहा सांगायलाही मॅडमलाच लावतात.

गेल्या काही वर्षांत साहेबांनी जे उभं केलं ते बघण्यासारखं आहे. पालमला दुकानांची इमारत केली, समोरून अख्खी काच. आत दुकानदार बनियनवर बसतात आणि काचेला आतून पोती टांगतात. येलदरीच्या वाटेवर मंगल कार्यालय केलं, त्याला रोमन खांब. पोकळ आहेत, टिचकी मारली की डब्यासारखे वाजतात. उद्घाटनालाच एक मामा खांबाला टेकून उभे राहिले आणि पाठीवर अर्धा खांब घेऊन घरी गेले. वरून कीर्तन, आतून तमाशा. पण फोटो झकास येतात, आणि साहेबांचा सगळा धंदा फोटोवर आहे.

आता त्या एका प्लॅनचं सांगते. कधी काळी पूर्वेकडं रस्ता असलेल्या एका प्लॉटसाठी साहेबांनी तो काढला होता. चांगला होता, खोटं कशाला बोलू. स्वयंपाकघर आग्नेयेला, ईशान्येला एक गार खोली, सगळं वास्तूप्रमाणं. आमच्याकडं माणूस एक वेळ देवाला नमस्कार करायचा विसरेल, पण वास्तू विसरायचा नाही. तेव्हापासून जो येईल त्याला तोच प्लॅन. आता प्रत्येकाचा रस्ता काही पूर्वेला नसतो. मग साहेब घर फिरवत नाहीत, बाण फिरवतात. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण असतो ना, तो. बाण फिरवला की कागदावर स्वयंपाकघर आपोआप आग्नेयेला जातं. वास्तुवाला फोनवरच नकाशा बघतो आणि फोनवरच आशीर्वाद देतो. प्लॉटवर सूर्य कुठून उगवतो, हे बघायला दोघांनाही सवड नसते.

असेच एके दिवशी बोरीचे गुरुजी आले. शाळेत भूगोल शिकवायचे, नुकतेच निवृत्त झालेले, घरची जमीनही बरी. त्यांची आई वर्षभरापूर्वी अंगणात पडली आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवरच. गुरुजींनी हॉल विचारला नाही, फर्निचर विचारलं नाही. म्हणाले, "साहेब, माझं एकच मागणं हाय. आईची खोली गार पायजे. दुपारचं ऊन तिच्या अंगावर यायला नगं. आन रस्त्यावर खिडकी द्या, येणारी-जाणारी माणसं तिला दिसतील. बाकी तुमी काय बी करा."

साहेब म्हणाले, "ईशान्येची खोली देऊ. बेस्ट."

गुरुजींचा रस्ता पश्चिमेला. म्हणजे कागदावरची ती गार खोली जमिनीवर नैऋत्येला जाणार होती, दक्षिणेची भिंत आणि मावळतीची खिडकी घेऊन. परभणीचा उन्हाळा काय असतो हे मी कुणाला सांगावं? दुपारी कुत्रंसुद्धा मावळतीच्या भिंतीला बसत नाही. मी फोनमधलं होकायंत्र काढून साहेबांसमोर धरलं. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मॅडम, क्लायंटला ड्रॉइंग द्यायचं असतं. दिशा त्याची त्याला माहीत असते."

आणि खरंच, त्याला माहीत होती! नकाशा टेबलावर पसरल्यावर गुरुजींनी चष्मा पुसला, बाणाकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "आपला रस्ता तर मावळतीला हाय ना?"

"हे मॅग्नेटिक नॉर्थ आहे," साहेब म्हणाले.

गुरुजींनी मान डोलावली. पोरांना दिशा शिकवण्यात जन्म गेलेला माणूस, इंग्रजी शब्द कानावर पडला आणि गप्प झाला. मी मध्ये बोलले, "गुरुजी, खोली पश्चिमेलाच येतेय." तर ते माझ्याकडं बघून कौतुकानं हसले. "ताई, साहेबांनी इचार केलाच असंल की." असं म्हटल्यावर काय करणार, कपाळ!

घर उठलं. साहेबांनी खिडकीला मोठी काच दिली आणि वरचा छज्जा काढून टाकला, कारण छज्ज्यानं म्हणे लाईन तुटते. पुढच्या भिंतीला राखाडी दगडी फरशी लावली, तीही दिवसभर तापून संध्याकाळपर्यंत ऊब धरणारी. चैत्रात वास्तुशांती झाली. साहेबांनी ड्रोनवाला आणला. घराचं रील निघालं, मागं सनईचं रिमिक्स, आणि अख्ख्या तालुक्यानं ते एकमेकांना पाठवलं. गुरुजींना वाटेत लोक थांबवायला लागले. जन्मभर ज्यांना कुणी चहा पाजला नव्हता त्यांना आता हॉटेलवाला हाक मारून बसवून घ्यायला लागला. माणूस फुगतो, त्याला फार हवा लागत नाही.

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीची गळती बघायला मला बोरीला पाठवलं. साहेब उन्हात जात नाहीत. मी आधी आजींच्या खोलीत डोकावले. खोली रिकामी. काच चुलीवरच्या तव्यासारखी तापलेली, जमिनीवर पाय ठरेना. मी आजींना शोधत आत आले तर त्या जिन्याखाली. जिथं आम्ही नकाशात चपलांचं कपाट दाखवलं होतं, तिथं त्यांची खाट सरकवली होती. डोक्यावर जिन्याच्या पायऱ्या, पायाशी भिंत, उशाला छोटा पंखा. उठून बसायचं म्हटलं तरी डोकं आपटेल.

"ये बाई, बस," त्या म्हणाल्या. "तितं लय भाजायलंय, म्हणून हितं आणलं मला. हितं गार हाय."

मला बसायला जागाच नव्हती. मी वाकून उभी राहिले.

"घर लय देखणं झालंय म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "म्या काय समोरून बघितलं न्हाई अजून. मला मागल्या दारानं आणलं ना, खाट पुढून शिरंना."

मला संताप आला, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. गुरुजी आले तेव्हा मी सरळ सांगितलं की खिडकीपुढं पत्र्याची पडवी काढा. पत्र्याला खालून बांबूच्या तट्ट्या बांधा, वर वेल सोडा. आठ दिवसांचं काम आहे, खोली राहण्यासारखी होईल आणि आजींना रस्ताही दिसेल. मी टेप काढून मापंसुद्धा घ्यायला लागले.

गुरुजी घुटमळले. बाहेर जाऊन घराकडं बघून आले. मग म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर हाय. पण समोरून लय घाण दिसंल वो. लोक बघायला यायलेत घर. परवा जिंतूरहून जीप भरून आले होते."

"आणि आजी?"

"आईचं काय, तिला हितं गारच वाटायलंय. तिनंच सांगितलं."

ज्या माणसानं माझ्यासमोर एकच मागणं केलं होतं, त्याच माणसाचं हे बोलणं. साहेबांचा मला तिटकारा होताच, तो जुना आहे, अंगवळणी पडलाय. पण त्या दिवशी गुरुजींकडं बघून जी किळस वाटली ती नवीन होती. साहेबांनी बाण फिरवला आणि हे महाशय त्याच्यासोबत फिरले. मी टेप गुंडाळली आणि एसटीनं परत आले.

ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी फोनवरून नजर उचलली नाही. "छान झालं की. अंडरयूज्ड स्पेस वापरात आली."

त्याच आठवड्यात पालमचे एक खताचे दुकानदार आले. रील बघितलं होतं, पण नुसत्या रीलवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता, बोरीला जाऊन घर आतून-बाहेरून बघून आला होता. साहेबांसमोर बसून त्यानं पेढ्यांचा पुडा उघडला. "तसंच घर पायजे साहेब, हुबेहूब. काच बी तशीच, दगड बी तसाच. आन अजून एक. त्या घरात जिन्याखाली म्हातारीची खाट बरोबर बसवलीय. आमचे वडील बी थकलेत. ती सोय आपल्याला बी द्या. समोरच्या खोल्या मग पोरांना मोकळ्या राहत्यात."

साहेबांचे डोळे चमकले. दोन मिनिटांत त्यांनी त्या जागेला नावसुद्धा दिलं, सीनियर कॉर्नर. इतकं चांगलं आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असा त्यांचा चेहरा झाला. मग दार उघडं ठेवून ते माझ्याकडं बघत म्हणाले, "मॅडम, आपल्या प्लॅनमध्ये जिन्याखाली एक खाट टाकून घ्या. आता सगळ्यांनाच देऊ. माप काय धरताय?"

मी टेप घेऊन आत गेले.

"तुमचंच धरते साहेब," मी म्हणाले. "उठा, उभे राहा. पुढं तुम्हाला निजवतील तेव्हा आखूड पडायला नको."

दुकानदार हसला. साहेब काही उठले नाहीत.