कडू नाही, तुरट

"उज्ज्वला, सगळ्यांनी ओके दिलंय. तुझ्या एकटीमुळे टाकी अडून बसलीय," राणे सर म्हणाले.

"मी ओके देणार नाही, सर."

"का?"

"तुरट लागतेय."

"अगं, कडू म्हण. कडूच करायची होती ना?"

"कडू आहे, ते बरोबर आहे. पण तुरटही आहे, ते चूक आहे."

"एकच की गो ते!"

एकच कसं? कारलं कडू, सुपारी तुरट. बालवाडीतल्या पोराला कळतं. पण आमचा मार्कांचा फॉर्म इंग्रजी. त्यात 'बिटर'ला दहापैकी मार्क द्यायची जागा होती, तुरटाला रकानाच नव्हता. आणि रकाना नसला की आमच्याकडे चवही नसते.

मी चाकणच्या पट्ट्यात, निघोज्याजवळ, एका लहानशा बीअर कंपनीत क्वालिटीला आहे. मायक्रोबायॉलॉजी शिकले. यीस्ट जिवंत आहे का, टाकीत भलतं काही वाढत नाही ना, हे बघायला घेतलं होतं. पुढे माझं नाक चांगलं आहे असं लक्षात आलं आणि टेस्टिंग पॅनेलवर बसवलं. पॅनेल म्हणजे पाच माणसं, एक खोली, मधे प्लायवूडचे आडोसे आणि वर लाल बल्ब. लाल अशासाठी की बीअरचा रंग दिसू नये. रंग दिसला की माणूस डोळ्यांनी चव घेतो. सगळ्यांचे मार्क लिहून होईपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. खोली भरलेली, पण बसायचं एकेकट्यानं.

टेस्टिंगच्या दिवशी केसांना तेल नाही, अत्तर नाही, गजरा तर नाहीच. डब्यात नुसता दहीभात, त्यावर मिरचीसुद्धा नाही. पॅकिंगच्या बायका ठेचा-भाकरीचे डबे उघडून बसलेल्या असतात आणि मी कोपऱ्यात. सुरुवातीला त्या बोलवायच्या. आता "बाई नाकानं कांदे सोलते" म्हणतात. तसं खोटंही नाही. पगारच नाकाचा मिळतो.

तर ती बीअर. आमची हिवाळ्याची स्पेशल, रेड एल नावाची लाल बीअर. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे सकाळी मोशीच्या पुलावर धुकं आणि दुपारी पंखा, पण सेल्सवाल्यांना हिवाळा लागतो. मोड आणून भाजलेले जव म्हणजे माल्ट. त्यातले थोडे जास्त भाजले की लाल रंग येतो आणि पाक जरा पुढे गेल्यावर येतो तसा वास. त्यात हॉप्स घालायचे. ही एका वेलीची फुलं, बीअरचा कडवटपणा आणि संत्र्याच्या सालीसारखा वास त्यांच्यामुळे. या बीअरमध्ये हॉप्स भरपूर आणि दारूचं प्रमाणही नेहमीपेक्षा जास्त. जड, लाल, कडू, उबदार. कागदावर झकास होती.

वासाला इतरांनी डोळे मिटून फॉर्मवरचं 'पाइन' टिक केलं होतं. मी विचारलं, "पाइनचं झाड कुणी पाहिलंय का?"

"फिनेलच्या बाटलीवर पाह्यलंय की," गणेश म्हणाला. गणेश निघोज्याचाच, टाक्या आणि फिलिंग बघतो. पॅनेलवर माझ्याशी माणसासारखं बोलणारा तेवढाच. सेल्सचे दोघं असतात, पण त्यांना विकायची असते, म्हणून ते सगळ्यालाच छान म्हणतात.

"तुरट लागली का रे तुला?" मी गणेशला विचारलं.

"न्हाई मॅडम. ब्येस हाय. गळ्यात जाळ लागतो नुसता." मग माझं तोंड बघून म्हणाला, "पर तुमी म्हंता तर असंल बी."

त्या 'असंल बी'नं मला जास्तच एकटं वाटलं.

राणे सर आमचे हेड ब्रुअर. मूळचे मालवणकडचे, हाडाचे कारागीर, पण आपलं ते सोन्याचं. ही रेसिपी त्यांची. शुक्रवारी केग भरायचे होते. केग म्हणजे पबात लावतात ती स्टीलची पिंपं. सेल्सनं ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या. सरांनी फॉर्म खाली ठेवला आणि जे इतके दिवस मनात होतं ते बोलले.

"तू गिळतच नाहीस. तू फिनिशबद्दल कशी बोलणार?"

इथे थोडं सांगायला हवं. वाइन चाखणारे थुंकतात. बीअर चाखणारे गिळतात, कारण कडवटपणा जिभेच्या मागे, घशाशी पूर्ण उलगडतो, आणि घोट गेल्यावर मागे काय उरतं त्यावर फिनिशचे मार्क असतात. मी मात्र पहिल्या दिवसापासून थुंकते. माझ्यासमोर कागदी कप असतो, पॅनेलवर एकटीच्याच.

कारण घरचं आहे. आम्ही कासारवाडीचे, बौद्ध. बाबा पिंपरीत एका कारखान्यात मशीनवर होते. वस्तीतल्या विहारात वंदना घ्यायचे. पंचशीलातलं पाचवं शील नशा न करण्याचं. बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. रिटायर झाले तेव्हा दोस्तांनी पार्टी ठेवली, आणि स्वतःच्याच पार्टीत ते कोल्ड्रिंकचा ग्लास धरून भिंतीला टेकून उभे होते. मला ही नोकरी लागली तेव्हा आईनं रडारड केली नाही. एवढंच म्हणाली, "पोटाचा धंदा आहे, कर. पण पोटात जाता कामा नये." मी शब्द दिला. बाबा ऐकत होते. गेल्या वर्षी ते गेले. आता घरात आम्ही दोघी, आणि वंदना आई घेते.

लग्नाची स्थळं 'दारूच्या कंपनीत' म्हटल्यावर चहा अर्धा ठेवून उठली. विहारातल्या बायका नोकरीचं विचारत नाहीत, म्हणजे त्यांना माहीत आहे. कंपनीत मी 'न पिणारी', वस्तीत मी 'बीअरवाली'. मधे कंपनीच्या बसची खिडकी. त्याचं वाईट वाटतं, रोज वाटतं, पण सांगणार कुणाला?

"सर, तुरटपणा घशात नसतो," मी म्हणाले. "हिरड्यांवर असतो. गालांच्या आतून असतो."

"हे बघ, मी किती वर्षं हे करतोय. घोट घेतल्याशिवाय बीअर कळत नाही. एकदा गिळ, आणि मग सांग. तेव्हाही तुरट म्हणालीस तर टाकी थांबवतो. नाहीतर पॅनेल सोड, लॅब सांभाळ. न गिळणारा माणूस पॅनेलवर ठेवायचा कसा, तूच सांग."

'गिळ' हा शब्द आमच्या घरी आई फक्त रागात वापरते. ताट आपटून. सरांनी तो अगदी शांतपणे वापरला.

खरं सांगते, मला पॅनेल सोडता आलं असतं. लॅब मला आवडते, यीस्ट उलट बोलत नाही. पण मी उठले असते तर ती टाकी शुक्रवारी केगमध्ये गेली असती, आणि इथून पुढे माझ्या कुठल्याही 'नाही'ला एकच उत्तर मिळालं असतं, ती गिळत नाही. मला राग आला होता. आई आठवत होती. दोन्ही एकदमच.

मी ग्लास उचलला. लाल बल्बखाली बीअर पाण्यासारखी रंगहीन दिसत होती. घोट घेतला, तोंडात फिरवला, कप बाजूला सरकवला आणि गिळला.

छातीत ऊब उतरली. कडवटपणा घशाशी आला, थोडा थांबला आणि स्वच्छ निघून गेला. मागे भाजक्या जवाचा गोडवा राहिला. अय्या, चांगली होती की! इतकी वर्षं मी प्रत्येक बीअर अर्ध्या रस्त्यात सोडून देत होते, आणि पुढे एवढं सगळं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. सरांना वाटलं जळजळलं.

"बोल," ते म्हणाले.

मी जीभ हिरड्यांवरून फिरवली. सगळं तिथेच होतं. मघाशी होतं तेवढंच, तसंच. गाल आतून ओढल्यासारखे, दात खरखरीत. गिळल्यानं त्यात तसूभर फरक पडला नव्हता.

"सर, घशात काही दोष नाही. फिनिश सुंदर आहे. तुम्ही पटकन गिळता, चव घशाकडे पळते आणि तुमचं लक्षही तिच्यामागे पळतं. आता तुम्ही माझं ऐका. घोट तोंडात धरा, गिळू नका. थुंका. आणि थोडं थांबा."

"मी? थुंकू?"

"मी गिळलं ना?"

गणेशनं हातातलं फडकं उगाच झटकलं आणि दुसरीकडे बघितलं. सरांनी घोट घेतला. गालांत धरला. मग उठून सिंकमध्ये थुंकले. तिथेच पाठमोरे उभे राहिले. ओठांच्या आतून त्यांची जीभ फिरताना बाजूनं दिसत होती.

"बोंडू," ते म्हणाले.

"काय?" गणेश.

"काजूचं बोंडू रे. झाडाखालचं उचलून तसंच खाल्लं की तोंड असं धरतं. आई मीठ लावल्याशिवाय खाऊ द्यायची नाही." सर वळले. चेहरा उतरला होता. "माल्ट धुताना पाणी जास्त तापलं असणार."

तेच झालं होतं. माल्टचा गोड रस काढून घेतला की चोथा गरम पाण्यानं धुतात, उरलेली साखर निघावी म्हणून. पाणी फार तापलं तर जवाच्या सालीतला तुरटपणाही उतरतो. चहाची तीच पावडर पुन्हा उकळून बघा, कळेल. गरम पाण्याच्या टाकीचा सेन्सर बिघडला होता, कमी तापमान दाखवत होता. टाकी थांबवली. तुरट द्रव्याला धरून तळाशी बसवणारी एक पावडर मिळते, ती घातली, गाळली, थंडीत ठेवली. सेल्सनं बोंबाबोंब केली. सर त्यांच्यावर ओरडले, माझं नाव मधे न आणता.

त्या संध्याकाळी घरी आईनं मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली. बाबांचा फोटो बाजूला. वंदना सुरू झाली. आई म्हणते, मी मागून म्हणते. चार शीलं म्हटली. पाचव्याला माझा आवाज निघेना. आईचा एकटीचा आवाज ऐकू आला. ती थांबली नाही, वंदना पूर्ण केली.

मग म्हणाली, "पाचवं राहिलं."

"राहिलं नाही, आई. मोडलं."

"किती?"

"एक घोट."

तिनं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तुरट, कडू, हिरड्या, सगळं सांगणार होते, बसमध्ये तयारीच केली होती. तिनं ताट वाढलं आणि समोर ठेवलं. 'गिळ' म्हणाली असती तरी चाललं असतं. पुढचे दिवस घरात फक्त भांडी बोलली. डबा मात्र रोज तयार असायचा, झाकण घट्ट लावलेला. एकाच खोलीत आम्ही दोघी एकेकट्या बसायचो, मधे प्लायवूडही नव्हतं.

रविवारी सकाळी ती पांढरी साडी नेसून दारात उभी राहिली. "चल."

"मी कशी येऊ?"

"कशी म्हणजे? पायानं." चप्पल घालता घालता म्हणाली, "घेतलेलं मोडलं तर परत घ्यायचं. एकदाच घेऊन भागलं असतं तर लोक दर रविवारी कशाला आले असते?"

विहारात मी पाचवं म्हटलं. सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज मलाही वेगळा ऐकू आला नाही, आणि मला हुंदका आला. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. फक्त रुमाल सरकवला.

बीअर उशिरा बाजारात आली आणि चांगली चालली. वाकडच्या एका पबात पार्टी झाली. सगळ्यांच्या हातात लाल ग्लास, दिव्याखाली रंग खरंच देखणा दिसत होता, मी तो तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. सर म्हणाले, "तुझीच आहे ही. एक घोट तरी?" मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. गणेश नाचायला गेला. मी पाण्याचा ग्लास धरून भिंतीला टेकले, आणि बाबा त्या दिवशी किती वेळ तसे उभे होते ते मला आत्ता कळलं.

आता पॅनेलवर पाचही जणांसमोर कागदी कप असतो. आधी एक घोट थुंकायचा, मग ज्याला हवं त्यानं गिळायचं. फॉर्मवर शेवटी एक नवा रकाना आहे, सरांनी तो मराठीत छापून घेतला. 'तुरट'. पाइनचा रकानाही अजून आहे.

धडा म्हणाल तर एवढाच. तुरटपणा हिरड्यांना कळतो, त्यासाठी गिळावं लागत नाही. हे मला गिळायच्या आधीही माहीत होतं. गिळलं ते राणे सरांना कळावं म्हणून.