तीन मिनिटांची घंटी

ब्लाउजचे नमुने जुन्या पेपरावर काढतात. ते कापता कापता मी वाचायला शिकले. शाळा चौथीपर्यंतच. त्यामुळे बरीच वर्षं माझ्या सगळ्या बातम्या बाहीपाशी तुटलेल्या असायच्या. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते एका शब्दावरून झालं, आणि मी ते विसरले नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही, खोटं कशाला बोलू.

नागभीडच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या बंद पडलेल्या राइस मिलच्या दोन खोल्यांत आमचं कम्युनिटी कॉलेज सुरू झालं. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांना हाताचं काम शिकवून सर्टिफिकेट द्यायचं, असं ते कॉलेज. गावानं त्याचं नाव पाडलं 'सुईदोऱ्याचं कालेज'. मी तिथं शिलाई शिकवायची. खोली एवढीशी, की मशीन मांडल्या तर बाया मावत नव्हत्या आणि बाया बसवल्या तर मशीन. मागं गोदाम होतं, पण त्याला छत नव्हतं.

छत मिळावं म्हणून प्राचार्य म्याडम मला समाजसेवा करणाऱ्या एका क्लबच्या बैठकीत घेऊन गेल्या. "शिकवता तुम्ही, तर बोला पण तुम्हीच," म्हणाल्या. क्लबचे नियम मोठे. टेबलावर पितळी घंटी. अध्यक्षांनी ती वाजवल्याशिवाय बैठक सुरू होत नाही आणि संपतही नाही. पाहुण्याला तीन मिनिटं. अध्यक्ष लाकूड कापायच्या आरामशीनचे मालक होते. आमच्याच झाडीपट्टीतला, आमच्याच बोलीचा माणूस, पण अंगात कोट चढला की पुण्याचा होई.

मी उभी राहिले. "आमच्या बायाईले बसाले जागा नाई..."

"बायाईले नाही बाई, बायकांना," अध्यक्ष म्हणाले. "आणि बसायला. शिकवता ना तुम्ही?"

सगळे हसले. मी म्हटलं, "बायकांना बसाले..." तर आणखी हसले. माझी तीन मिनिटं शब्द दुरुस्त करण्यातच गेली. छताचं तोंडातून निघायच्या आत घंटी वाजली. आणि सगळ्यात वाईट सांगू? त्यांच्यासोबत मीही हसले.

जागा नव्हती म्हणून त्या साली पाच बायांना परत धाडलं. त्यातली एक अजून बाजारात भेटते. नजर ती चुकवत नाही, मी चुकवते.

त्या दिवसापासून आरशासमोर 'मला', 'तुला', 'बायकांना' घोकत आले. हे लिहून राह्यली तेही त्याच घोकण्यावर.

छत म्याडमनी आणलं, सरकारी कचेरीत खेटे घालून घालून. मग वायरिंगचा वर्ग आला, आजाऱ्याची सेवा करायचा आला, मोहफुलांचे लाडू आणि सरबत करायचा आला. आज दोन मजले आहेत. रेल्वेची छोटी लाइन उखडली तेव्हा कोणीतरी तिच्या रुळाचा हातभर तुकडा आणून अंगणातल्या मोहाला टांगला. तीच आमची घंटी. एक टोल म्हणजे वर्ग बदलला, तीन टोल म्हणजे सुट्टी, पिशवी उचला अन् एसटी गाठा. टोल द्यायचं काम मी मागून घेतलं होतं. का, ते तेव्हा कोणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी क्लबनं आपली बैठक आमच्या कॉलेजातच ठेवली. विषय, कॉलेजची प्रगती. बोलणार तेच आरामशीनवाले. ऐकायला आमच्या बाया आणि पोरी हॉलमध्ये बसवल्या. सगळं आलं, हार आले, बॅनर आला, फक्त पितळी घंटी घरी राहिली. आता बैठक सुरू कशी करायची? कोटवाले एकमेकांची तोंडं बघू लागले.

"आमच्याकडं आहे नं," मी म्हटलं, आणि बाहेर जाऊन एक टोल दिला.

भाषण सुरू झालं. "हे रोपटं आम्ही लावलं. आम्ही वाढवलं. या बायकांना बसायला जागा दिली ती आमच्या क्लबनं."

मी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं होऊन गेली होती. बाहेर गेले, हातोडी उचलली आणि तीन टोल दिले, सावकाश.

हॉल उठला. बायांनी पिशव्या काखेत मारल्या, चपला शोधल्या, निघाल्या. एसटीला अजून पाऊण तास होता, पण आमच्याकडं टोल म्हणजे टोल. बघता बघता आत खुर्च्या आणि क्लब एवढंच उरलं.

आरामशीनवाले व्हरांड्यात आले, लालबुंद. "अवो बाई, काऊन वाजवली घंटी? मले बोलू तं द्या!"

किती वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते, ते त्यांना काय माहीत.

"मले नाही भाऊ," मी म्हटलं. "मला. आणि तीन मिनिटं झाली तुमची."

त्यांच्यातलाच एक जण फिसकन हसला. मग दुसरा. मग सगळे. आणि मग तेही हसले. ते हसू मी ओळखलं. माझंच होतं. वाटलं होतं, आता तरी मला त्यांची दया येईल. नाही आली.

गाड्या गेल्यावर म्याडम जवळ आल्या. "हे बरं नाही केलं तुम्ही."

"मले मालूम आहे," मी म्हटलं, आणि हातोडी खुंटीला टांगली.