होडीच्या दगडाचा म्हसोबा

धाकट्या आजोबांनी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की तुमच्या आजोबांची इच्छा पूर्ण झाली, सगळं छान पार पडलं. तुम्ही मला तसंच लिहून पाठवलंत, खाली हात जोडल्याची चित्रं टाकून. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते. छान काही झालं नाही, आणि इच्छाही पूर्ण झाली नाही.

आजोबांचं गाव अहमदपूरच्या पुढे होतं. धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि माणसं माळावर नेऊन बसवली. गावालगतची टेकडी तेवढी बुडाली नाही. ती आता बेट आहे. तिच्या माथ्यावर आमच्या शेताचा शेवटचा तुकडा होता, हुलग्यांपलीकडे काही न पिकणारा. काळी जमीन सगळी गेली आणि नेमका तो खडकाळ तुकडा राहिला. आजोबा नांदेडला नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही धरण बघायला कधी गेले नाहीत. लोक तिथे सहलीला जातात, मासे तळून खातात. त्यांच्यासमोर कोणी त्याचं कौतुक सुरू केलं, की ते उठून दुसऱ्या खोलीत जात.

शेवटच्या आजारात त्यांनी एकच गोष्ट मागितली. अस्थी गोदावरीत सोडा, तुमच्या समाधानासाठी. मूठभर रक्षा मात्र टेकडीवर मातीत पुरा आणि वर लिंबाचं रोप लावा.

"त्या धरणाच्या पाण्यात मला टाकू नका," ते म्हणाले. "त्यानं माझं पुष्कळ घेतलंय."

खाटेच्या एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा. भाऊजींनी ते ऐकलं होतं, हे लक्षात ठेवा.

होळी झाल्यावर आम्ही गेलो. मी नांदेडहून भाड्याची गाडी केली. मांडीवर रक्षेचा स्टीलचा डबा, पायाशी नर्सरीतलं रोप आणि खुरपं. भाऊजी आणि धाकट्या जाऊबाई लातूरहून चाकूरमार्गे आले, तेल, शेंदूर, नारळ आणि पुरणाचा नैवेद्य घेऊन. बेटावर कोणता देव आहे, असं मी अहमदपूरच्या स्टँडवर चहा पिताना विचारलं. मारुती तर गावाबरोबर माळावर गेला होता. जाऊबाई म्हणाल्या, जुन्या गावाच्या जागी मोकळ्या हाताने कसं जायचं, अक्का? ते मला पटलं.

होडी पत्र्याची होती. चालवणारा धरणावर मासे धरणारा, चाळिशीचा माणूस. बेटाला होडी लागली तसा त्याने उतरून तिचा दगड उचलला आणि काठाच्या गाळात ठेवला. नायलॉनच्या दोरीने बांधलेला लांबट दगड, मधोमध खाच. त्याच्या वजनावर होडी थांबते. भाऊजी पाय धुवायला वाकले आणि तसेच राहिले. दगडाच्या खाचेत तांबूस डाग होता. शेंदराचा असेल, लोखंडाच्या गंजाचाही असेल. दगड कुठला, असं त्यांनी विचारलं. होडीवाला म्हणाला, पाणी लई उतरलं होतं तेव्हा जुन्या गावाकडं सापडला, दोरी घसरत न्हाई म्हणून घेतला.

"हा आपला म्हसोबा हाय," भाऊजी म्हणाले. लातूरला ते अगदी पुस्तकी बोलतात. त्या दिवशी लहानपणची भाषा आली. "देवाच्या गळ्यात दावं घालून पाण्यात बुडवता व्हय रे?"

होडीवाल्याचं तोंड उतरलं. मला काय ठाव, मालक, असं म्हणत त्याने स्वतःचे कान धरले आणि दगडाला सर्वात आधी त्यानेच डोकं टेकवलं.

नवी नवरी असताना मला म्हसोबाच्या पाया पडायला नेलं होतं. तो पांदीच्या तोंडाशी, बाभळीखाली होता आणि दोन गड्यांना हलला नसता. मी तसं सांगितलं.

"वहिनी, इंग्रजी तुम्हाला कळतं," भाऊजी म्हणाले, "देवाचं तेवढं आमच्याकडं राहू द्या."

जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या. दोरी सोडली गेली. होडीवाल्याने बाभळीची एक खुंटी ओल्या गाळात ठोकली आणि म्हैस बांधावी तशी होडी तिला बांधली.

मी डबा घेऊन उतरायला लागले, तर भाऊजींनी अडवलं. रक्षा देवासमोरून न्यायची नसते, ती होडीतच राहू द्या, आधी पूजा, मग दादा. वाद घातला असता तर तिथेच दिवस गेला असता. डबा मी फळीखाली घट्ट बसवला आणि खड्डा करून ठेवावा म्हणून रोप घेऊन वर गेले.

जमीन भाजलेली होती. खुरप्याने एकेक खडा उपटत मी खणत होते, आणि माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, माथ्यावर आणून ठेवलेल्या दगडाला तेलशेंदूर चालला होता. नारळ फुटला. भाऊजींनी रेणापूरच्या नातेवाइकांना फोन लावून देव दाखवला, मग दुसऱ्यांना, मग तिसऱ्यांना. होडीवाला हात जोडून शेजारी उभा. दुपारचं वारं सुटलं होतं. माझा खड्डा झाला तेव्हा मी त्याला डबा आणायला पाठवलं. तो गेला आणि खालीच उभा राहिला. मी काठावर गेले. खुंटीसकट होडी निघून गेली होती. दूर पाण्यावर, वाऱ्याबरोबर सावकाश फिरत, धरणाच्या भिंतीच्या बाजूला चालली होती.

"देवाची मर्जी," भाऊजी म्हणाले.

होडीवाल्याने भावाला फोन केला. त्याची होडी येईपर्यंत आम्ही नैवेद्याच्या पुरणपोळ्या घेऊन बसलो. त्यांनी खाल्ल्या. रोप मी लावलं नाही, कशावर लावायचं? ते काळ्या पिशवीत खड्ड्याशेजारीच राहिलं.

पलीकडच्या काठाला पोचलो तर आमची होडी तिथे आणून लावलेली होती. एका बाईने आणि तिच्या नवऱ्याने ती पाण्यात धरली होती. बाईने डबा पुढे केला. तो चकचकीत होता.

"बाई, उघडला तर राख," ती म्हणाली. "म्हटलं, कुनी सोडाया आलं आन् राहून गेलं. म्या हात जोडून पाण्यात सोडली. लई खोल हाय तिथं. माझ्या सासऱ्यालाबी तिथंच सोडलंय. डबा वाळूनं घासलाय, बघा."

भाऊजींनी मोठा श्वास सोडला. मोकळा झाला दादा, असं म्हणून त्यांनी पाण्याकडे बघून नमस्कार केला. जाऊबाईंनीही केला. ती बाई माझ्याकडे बघत होती. बरं केलंस, असं मी तिला म्हणाले. तिला दुसरं काय सांगणार? तिने माझ्या माणसाला जितक्या मायेने पाण्यात सोडलं, तितकी माया त्या दिवशी आमच्यातल्या कोणी दाखवली नव्हती.

गेल्या आठवड्यात भाऊजींचा फोन आला. म्हसोबावर पत्र्याचं शेड घालायचं ठरलं आहे, माथ्यावरच्या आपल्याच तुकड्यात. तिथे एक खड्डा आयता खणलेला आहे, त्यातच पहिला खांब रोवायचा. शेडवर दादाच्या नावाची पाटी लावू, असं ते म्हणाले.

शेडचं तुम्ही बघा, पण त्यावर त्यांचं नाव घालू नका, असं मी सांगितलं.

"बघू," ते म्हणाले.