आक्काच्या हातावरची अक्षरं

रेखा, सरक बघू अशी जवळ. तू नांदेडात आणि मी इथं लातुरात, हे काय मला ठाऊक नाही? पण लिहायला बसले की माझी भाची माझ्या उंबऱ्यावरच बसलेली असते, त्याला मी काय करू! संक्रांतीला येते म्हणालीस, आली नाहीस. शिवरात्रीलाही तोंड दाखवलं नाहीस. आता तुझ्यावर रागवत बसायलाही वेळ उरलेला नाही, कारण गुरुवारी रंगारी येणार आहे आणि फलकाची पहिली ओळ अजून कोरी आहे.

बाहेर फाल्गुनाचं पिवळं ऊन पसरलंय. या दिवसांत आपल्या गल्लीत तुरीच्या टरफलांचा वास इतका दाटायचा की भाकरीला तोच वास, लेकरांच्या केसांनाही तोच. डाळमिलच्या जागी आता शिकवणीला आलेल्या मुलींचं वसतिगृह उभं आहे. खिडक्याखिडक्यांतून ओढण्या वाळतात. त्या रंगांकडे पाहून मन निवतं आणि तितकंच धास्तावतं, कारण ज्या दारातून या पोरी खुशाल येतात-जातात, त्या दारात एकदा काय घडलं ते त्यांना कुणीच सांगितलेलं नाही. म्हणून तर गल्लीतल्या सुनांनी ठरवलं, की त्या दारात धरणं धरून बसलेल्या बायांची नावं कोपऱ्यावरच्या फलकावर लिहायची.

तू तेव्हा पाळण्यात होतीस. दिवसभर डाळ निवडून आम्ही संध्याकाळी बाहेर पडायचो, तेव्हा मुकादम दारात झडती घ्यायचा. पदर झटकायला लावायचा, ओचा चाचपायचा. मूठभर डाळीचा संशय, आणि त्यासाठी रोज मान खाली घालून त्याच्यासमोर उभं राहायचं. एके दिवशी आमच्याबरोबर डाळ निवडणाऱ्या आक्काची पाळी आली. तिनं हातातलं सूप दारातच पालथं घातलं, त्यावर हात टेकला आणि मांडी घालून बसली. सूप पालथं पडलं म्हणजे काम थांबलं, हे मुकादमालाही कळत होतं.

"ऊठ, लई झालं तुझं," तो म्हणाला.

"झडती पायजे ना? जा, तुझ्या मायला घेऊन ये. तिच्यापुढं झटकते पदर!"

"उठतीस का न्हाई?"

"न्हाई. तूच बस की जरा. सकाळधरनं उभा राहून पाय दुखून राहिले असतील तुझे."

आम्ही भीतभीत हसलो, आणि त्या हसण्यातच एकेक सूप पालथं पडत गेलं. तीन दिवस बसलो. आक्का बौद्ध, आम्ही मराठ्याच्या, हलीमा मोहल्ल्यातली. सगळ्या एकाच घागरीचं पाणी प्यालो, आणि घरोघरी संपापेक्षा त्या घागरीवरून जास्त भांडणं झाली. चौथ्या दिवशी झडती बंद झाली. अर्जातली दुसरी मागणी होती, ते बायांच्या संडासाला दारही बसलं.

अर्ज मी लिहिला होता. मी शाळेत गेले नाही, हे तुला ठाऊक आहे. अक्षरं शिकले ती डाळीच्या पोत्यांवरून. पोत्यावर पेरणारीचं नाव नसतं, निवडणारीचंही नसतं, मालकाचं असतं. मला वाटायचं, नाव लिहायची रीतच ती. परवा ट्रंकेतून तो कागद काढला आणि उजेडात धरला. निळ्या अंगठ्यांच्या रेषा अजून स्वच्छ आहेत, आणि शेजारी माझं वाकडं अक्षर: गंगारामची बायको, किसनची बायको, रशीदची बायको. अंगठा बाईचा, नाव नवऱ्याचं. सगळ्यात शेवटी, लिहिता येणाऱ्या त्या एकुलत्या एक बाईनं स्वतःलाही लिहून ठेवलंय: विठ्ठलची बायको.

रेशनकार्डं धुंडाळली, लेकीसुनांना विचारलं, तेव्हा बाकीच्या सापडल्या. सापडली नाही ती पहिल्या ओळीतली आक्का. तिला आम्ही आक्काच म्हणायचो. नांदेडला तिच्या लेकीला फोन लावला.

"मावशी, कार्डावर लक्ष्मी हाय. पण ते लग्नात आजीनं ठेवलेलं. माय त्या नावाला कधी ओ दिली न्हाई."

"मग माहेरचं गं?"

"कुणाला ठाव! माय तर आता बोलतच न्हाई. हातावर गोंदलेलं हाय कायतरी, पण पोरं म्हणतात नुसता हिरवा डाग दिसून राहिला."

तेव्हापासून जिवाला चैन नाही. मला तो हात दिसतो. पालथ्या सुपावर टेकलेला, कोपरापर्यंत डाळीच्या भुकटीनं माखलेला, आणि भुकटीखाली हिरवी अक्षरं. तीन दिवस त्या हाताला हात लावून बसले होते मी. दारावरची नोटीस वाचली, मुकादमाचा चेहरा वाचला, आणि शेजारचा हात तेवढा वाचायचा राहिला. आणखी एक भीती आहे, ती फक्त तुला सांगते. त्या काळी नवऱ्याचं नाव गोंदवून घेणाऱ्या काय थोड्या होत्या? हातावरही आक्काचा नवरा गंगारामच निघाला तर?

काल रंगारी नावं लिहून न्यायला आला, तेव्हा त्यानं विचारलं, "मावशी, तुमचं काय लिहू?" मी माझं नाव सांगितलं, आणि तो ते मोठ्यानं म्हणाला तेव्हा दुसऱ्याच कुणाला हाक मारली वाटून मी मागं वळून पाहिलं.

तेव्हा ऊठ. नदीपल्याड तिच्या लेकीचं घर आहे, पत्ता या कागदामागं लिहिलाय. आक्काचा हात मांडीवर घे, ओल्या फडक्यानं पूस, उन्हात धर. जे असेल ते वाच, पण फोनवर सांगू नकोस. मला ते तुझ्या तोंडून, समोर बसून ऐकायचंय. आणि काहीच वाचता आलं नाही तरी ये, बाई. कोरी ओळ कोरीच ठेवायची का, हे मला एकटीला नाही ठरवता येणार. बुधवारच्या गाडीनं ये.