रखमाबाईच्या मनगटातली नळी

१८८९ सालचा मार्गशीर्ष, सकाळचे साडेसहा. कल्याणच्या पारनाक्यावर करमरकरांच्या न्हाणीत रखमाबाई सुईण पाय पसरून बसली होती. पायांवर पाच दिवसांची मुलगी. रखमाबाई तिला डाव्या हाताने तेल चोळत होती, उजवा हात जपून टेकवत होती.

गेल्या वर्षी गवत कापताना शेजारणीचा विळा उजव्या मनगटात घुसला आणि अंगठा व शेजारची दोन बोटं बधिर झाली. मूल आडवं आहे की पायाळू, हे सुईण बोटांनी ओळखते. बोटं गेली की कामही गेलं. ठाण्याच्या इस्पितळातल्या गोऱ्या डॉक्टरने मनगट उघडलं. तुटलेल्या मज्जातंतूची टोकं एकमेकांपर्यंत पोचत नव्हती. त्याने मधे हाडाची बारीक नळी बसवली, आम्लात भिजवून मऊ केलेली. तंतू तिच्यातून वाढत पलीकडे जाईल, नळी शरीरातच विरून जाईल, असं त्याने दुभाष्याकरवी सांगितलं. खात्री दिली नाही.

श्रावणात तळव्याला मुंग्या येऊ लागल्या. दिवाळीनंतर अंगठ्याला गार-गरम कळायला लागलं, तशी ती पुन्हा बाळंतपणाला जाऊ लागली.

बाळाची आजी, उमाबाई, दारात उभ्या होत्या. "काय गं, हात आला म्हणायचा का?"

"येतोय की! सायबानं आत नळी घातली ना, हाडाची."

"कसलं हाड?"

"बैलाचं, म्हने." रखमाबाई हसली. "आता बैलाचं बळ येतंय बघा."

उमाबाई हसल्या नाहीत. "आणि याच हाताने माझ्या नातीची नाळ कापलीस?"

"आता विरली असंल ती, बाई. सायेबच म्हनला."

"विरली कुठे? तुझ्या रक्तातच ना?"

 हे लपवायला हवं, असं रखमाबाईला कधी वाटलं नव्हतं. वर्षभर तिच्यापुढे एकच प्रश्न होता, बोटं परत येतात की नाही.

उमाबाईंनी बाळ उचललं आणि त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं. दुपारपर्यंत आळीत सगळ्यांना कळलं. ज्या दोन घरी दिवस भरत आले होते, तिथून येऊ नकोस म्हणून निरोप आले.

संध्याकाळी तिची जाऊ मालन चुलीपाशी म्हणाली, "बोकडाचं तरी म्हनायचंस. जीभपन बधिर झाली व्हती का तुजी?"

 रखमाबाई अंगठा मधल्या बोटावर घासून पाहत होती. थोडं कळत होतं.

मालनही सुईणपण करते. उद्या सकाळपासून करमरकरांच्या बाळाला न्हाऊ घालायला ती जाणार आहे.