सार्जंट घोरपड्यांचे पन्नास राउंड

सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी दोन वाजता, मी ब्रिस्टलच्या घरी गॅरेजमध्ये रिव्हॉल्व्हरचे राउंड, म्हणजे काडतुसं, भरायला बसलो. पन्नास माझे, पन्नास सार्जंट घोरपड्यांचे.

घोरपडे ब्रिटिश आर्मीत माझे प्लाटून सार्जंट होते. प्लाटूनमध्ये मराठी आम्ही तिघं. तिसरा लान्स कॉर्पोरल सुनील माने. तो अफगाणिस्तानातून परत आला नाही. आमच्या शूटिंग क्लबात दरवर्षी त्याच्या स्मरणार्थ रिव्हॉल्व्हरचा सामना होतो. घोरपडे त्याचं नाव वाचायचे आणि मग फायरिंग सुरू व्हायचं. मानेला हेलिकॉप्टरपर्यंत त्यांनीच उचलून नेलं होतं. नाव दुसऱ्या कुणी वाचावं, असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही.

या देशात साध्या रिव्हॉल्व्हरला बंदी आहे. आम्ही वापरतो तो लांब नळीचा, मागे दांडा जोडलेला, परवान्यावर मिळणारा. फॅक्टरीतले राउंड जोरकस असतात. कागदी टार्गेटला तेवढा जोर लागत नाही. म्हणून आम्ही सपाट तोंडाची गोळी निवडतो, तिने कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, आणि दारू कमी घालतो. ती काडतुसाच्या पुंगळीत अगदी तळाला बसते. आहे की नाही, हे सहज दिसत नाही. म्हणून सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात ओळीने उभ्या करायच्या, टॉर्च घेऊन एकेकीत डोकवायचं आणि मगच गोळी बसवायची.

क्लबचा आणखी एक नियम होता. दुसऱ्याने भरलेला राउंड झाडायचा नाही. राउंड स्वतःच भरलेत, अशी रेंजवर सही करावी लागे. घोरपड्यांच्या मनगटाला जुनी इजा होती, बारीक काम जमत नसे. मी भरून देतो, तुम्ही फक्त सही करा, असं मीच सुचवलं. दोन वर्षं ते नको म्हणाले. तिसऱ्या वर्षी मी त्यांना पटवलं.

त्या शनिवारी माझे पन्नास भरून झाले होते. त्यांच्या पुंगळ्यांत दारू घालत असताना स्लाऊहून त्यांचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला.

"कदम, राउंड भरतोयस की झोपलायस?"

"भरतोय, सार्जंट."

"नीट भर. उद्या नेम चुकला तर मी तुझं नाव सांगणार."

आम्ही दोघं हसलो. बोलता बोलता मी गोळ्या बसवत गेलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्यांच्या पुंगळ्यांत टॉर्च मारलेलाच नाही. सगळ्या गोळ्या काढून पुन्हा तपासायला दोन तास गेले असते. मी डबीवर त्यांचं नाव लिहिलं.

रविवारी दहा वाजता त्यांनी मानेचं नाव वाचलं. दहा चाळीसला रॅपिड फायर सुरू झालं. त्यांच्या तिसऱ्या राउंडचा आवाज बसका आला. त्या पुंगळीत दारू नव्हती. दारू पेटवणाऱ्या प्रायमरच्या नुसत्या जोराने गोळी नळीत शिरून अडकली होती. कानांवर आवाज अडवणारे डिफेंडर, शेजारी पाच जण फायर करत होते. त्यांना कळलं नाही. रेंज ऑफिसर ओरडला, "स्टॉप, स्टॉप!" तोवर चौथा राउंड सुटला होता. चौथी गोळी अडकलेल्या गोळीवर आदळली आणि नळी फाटली. नळीला आधार देणाऱ्या त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

दहा दिवसांनी क्लबच्या कमिटीने आम्हाला बोलावलं. सेक्रेटरींनी विचारलं, राउंड कोणी भरले? घोरपडे माझ्याकडे बघत राहिले. माझी नोकरी विमानांच्या कारखान्यात, तिथे सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो. परवाना गेला तर क्लिअरन्सही जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी टेबलाकडे बघत बसलो.

"मीच," घोरपडे म्हणाले.

त्यांचं सदस्यत्व रद्द झालं. पोलिसांनी परवाना काढून घेतला.

महिन्याभराने मी स्लाऊला गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि आत निघून गेल्या. मी घोरपड्यांचे आभार मानायला सुरुवात केली. त्यांनी मला थांबवलं.

"तुला वाचवायला बोललो नाही मी. सही माझी होती, ती मी निभावली. पण तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

"चुकलं, सार्जंट."

"सार्जंट म्हणू नकोस मला."

चहा तसाच ठेवून मी निघालो.

त्यानंतर चार महिन्यांनी मी सेक्रेटरींना आणि पोलिसांना सगळं लिहून कळवलं. माझा परवाना गेला, सदस्यत्व गेलं. नोकरी राहिली. ज्या भीतीने मी गप्प बसलो, ती खरी ठरली नाही. क्लबने घोरपड्यांना पत्र पाठवलं, नाव वाचायला यावं म्हणून. त्यांचं उत्तर सेक्रेटरींनी मला फोनवर वाचून दाखवलं. कदम येणार नसेल तर येतो, एवढंच होतं.

यंदा ते आले. नाव त्यांनीच वाचलं. मी गेलो नाही.

दहा वाजता मी स्वयंपाकघरात सावधान उभा राहिलो. लान्स कॉर्पोरल सुनील माने. वय तेवीस. गस्तीवर कुणाचं पाणी संपलं की हा न बोलता आपली बाटली त्याच्या हातात द्यायचा. तो आज असता तर मी भरलेले राउंड त्यानेही न तपासता लोड केले असते.